खेळात ठोकळे फोडतो, मग चेंडू का झेलत नाही?

पत्राचा सारांश: एका आईचं पत्र आहे. मुलगा नऊ वर्षांचा, स्वमग्न (ऑटिस्टिक). दोन-तीन शब्दांच्या वाक्यांत बोलतो, सांगितलेलं बहुतेक सगळं त्याला कळतं. चेंडू झेलता येत नाही, सायकल जमत नाही, शर्टाची बटणं लावायला कुणीतरी लागतं. शाळेत खेळाच्या तासाला तो भिंतीला टेकून उभा राहतो. ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून दिले जाणारे उपचार, दोन वर्षं सुरू आहे. सुट्टीत मावसभावाच्या घरी त्याने व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर बांधायचा, आभासी जग दाखवणारा चष्मा) लावून तालावर येणारे ठोकळे फोडायचा खेळ खेळला आणि पटापट ठोकळे फोडले. त्यानंतर एका केंद्राने व्हीआरवर आधारलेला वीस सत्रांचा 'मोटर स्किल्स' म्हणजे हालचालींच्या कौशल्यांचा कोर्स सुचवला आणि 'सत्तर टक्के सुधारणा दिसते' असंही सांगितलं. बाबांचं म्हणणं, तिथे जमतं म्हणजे इथे तो मनावर घेत नाही. आजीला आणखी एक स्क्रीन नको आहे. आई विचारते: कोर्स लावावा का, की हेडसेट घरीच घ्यावा? आणि तो खरंच टाळाटाळ करतोय का?

उत्तर:

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण बाकीच्या दोन्हींची उत्तरं त्यावरच अवलंबून आहेत. तो टाळाटाळ करत नाही. ठोकळा फोडणं आणि चेंडू झेलणं ही शरीरासाठी दोन वेगळी कामं आहेत.

त्या खेळात ठोकळा ठरलेल्या रांगेतून, ठरलेल्या वेगाने, गाण्याच्या ठेक्यावर येतो. कुठून येणार आणि कधी पोचणार हे आधीच कळतं. हात जरा इकडे-तिकडे लागला तरी चालतं. बोटं मिटायची नसतात, वजन पेलायचं नसतं, आणि चुकलं तर नाकावर काही आदळत नाही. खरा चेंडू कमानीतून येतो, दर वेळी थोडा निराळा. तो तळहाताला लागताच बोटं मिटावी लागतात. जरा आधी मिटली तर चेंडू मुठीवर आपटतो, जरा उशीर झाला तर उसळून जातो. त्यात समोर फेकणारा माणूस, त्याचा आवाज, आजूबाजूची मुलं. इतकं सगळं एका क्षणात जुळवायचं असतं.

बाबांना हेही सांगा की ही अडचण स्वमग्न मुलांमध्ये अतिशय सर्रास दिसते, जरी निदानाच्या निकषांत तिला जागा नसली तरी. अमेरिकेतल्या 'स्पार्क' या मोठ्या नोंदणीतल्या ११ हजारांहून जास्त मुलांच्या पालकांनी भरलेल्या प्रश्नावल्यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ८५ टक्क्यांहून जास्त मुलांना हालचालींच्या समन्वयाची अडचण असण्याची शक्यता दिसली. अशा मुलाला 'लक्ष दे, जोर लाव' म्हटल्याने हात वेळेवर मिटत नाहीत. फक्त चेंडूची धास्ती वाढते.

तरीही मावसभावाकडे जे दिसलं ते वाया घालवू नका. त्याची नजर येणाऱ्या वस्तूचा माग काढू शकते, ठेका धरून तो पुढचा अंदाज बांधतो, आणि हात वेळेवर पुढे नेतो. झेलण्यातला निम्मा भाग त्याच्याकडे आहे असं यातून दिसतं. उरलेला भाग म्हणजे बोटं मिटणं, वजन घेणं आणि कमानीचा अंदाज. नेमका हाच भाग व्हीआर देऊ शकत नाही. बहुतेक खेळांत 'पकडणं' म्हणजे कंट्रोलरचं बटण दाबणं असतं.

इथे एक अभ्यास उपयोगी पडेल. २००९ मध्ये 'नेचर न्यूरोसायन्स'मध्ये हॅसवेल, शॅडमेर, मोस्टोफ्स्की आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग आला. मुलांनी एका यंत्राचा दांडा धरून लक्ष्याकडे न्यायचा होता आणि यंत्र हाताला मध्येच बाजूला ढकलत होतं. स्वमग्न मुलंही ते शिकली, पण शिकताना त्यांची भिस्त डोळ्यांना दिसणाऱ्यापेक्षा स्वतःच्या सांध्या-स्नायूंकडून मिळणाऱ्या जाणिवेवर जास्त होती. आता व्हीआर काय देतं ते बघा: डोळ्यांना भरभरून, सांध्या-स्नायूंना जवळपास काहीच नाही. कंट्रोलर हातात थरथरतो तेवढंच. म्हणून माझं मत असं, की तुमच्या मुलासारख्या मुलाने नुसत्या व्हीआरमध्ये कितीही सराव केला तरी तो खऱ्या चेंडूपर्यंत आपोआप पोचणार नाही. प्रत्येक सत्राला वजन असलेल्या खऱ्या वस्तूची जोड हवीच.

तुमच्या तीन तक्रारी एकेक करून घेतल्या तर कोर्सचा निर्णय बराच सोपा होतो.

बटणांसाठी व्हीआरचा उपयोग नाही. तिथे बोटांच्या टोकांना कापडाची कड आणि काजाची चीर जाणवावी लागते, आणि आभासी बटणाला स्पर्शच नसतो. त्यापेक्षा शेवटच्या पायरीपासून शिकवा. दोन-अडीच सेंटिमीटरचं मोठं बटण आणि सैल काज घ्या. तुम्ही बटण तीन चतुर्थांश आत सरकवायचं, शेवटचं ओढून बाहेर काढणं त्याने करायचं. ते दहापैकी आठ वेळा जमलं की तुमचा वाटा थोडा कमी करा. शर्ट आधी टेबलावर पसरून नको. तो अंगात असतानाच, सर्वांत खालच्या बटणापासून सुरुवात करा, ते त्याला नीट दिसतं.

सायकलसाठीही नाही. केंद्रात स्क्रीनसमोरची सायकल जागेवर घट्ट बसवलेली असते, ती कलंडतच नाही, त्यामुळे तोल सावरण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे पायांचा व्यायाम होतो, बस. घरच्या सायकलचे पॅडल काढा, दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतील इतकी सीट खाली घ्या आणि त्याला पायाने ढकलत जाऊ द्या. दोन्ही पाय उचलून काही सेकंद सरळ घसरत जाता आलं की मगच पॅडल परत लावा. हेल्मेट आधी घरात बसल्या-बसल्या घालायची सवय करा, कारण डोक्यावरचा पट्टा हीच बऱ्याच मुलांची पहिली अडचण असते.

राहिला चेंडू. इथे असलं तंत्रज्ञान थोडी मदत करू शकतं, आणि कारण साधं आहे: वेग, दिशा, संख्या आणि आवाज आपल्या हातात असतात, आणि शंभर वेळा चुकलं तरी कुणी हसत नाही. म्हणजे वीस सत्रांच्या कोर्सचा तुमच्या तीनपैकी एका गोष्टीला, तोही अर्धवट, उपयोग होईल. समन्वयाच्या अडचणीबद्दल २०१९ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींचा भरही प्रत्यक्ष कामाच्या सरावावर आहे. हालचालींचे व्हिडिओ गेम त्याला पूरक म्हणून चालतात.

पण त्याआधी मुलाला विचारलंत का? चेंडू झेलता यावा ही इच्छा कुणाची आहे? चेंडू, सायकल, दोरीवरून उडी, पाण्यात खेळणं अशी चार चित्रं समोर ठेवा आणि त्याला उचलू द्या. कदाचित त्याला मधल्या सुट्टीत दोन मुलांबरोबर पळायचं असेल आणि चेंडूशी काहीही देणंघेणं नसेल. त्याने निवडलेल्या कामावर तो जितका टिकेल तितका आपण निवडलेल्यावर टिकणार नाही. आणखी एक गोष्ट निक्षून सांगते. हात फडफडवणं, डुलणं हे 'सुधारायच्या' यादीत घालू देऊ नका. ते त्याचं स्वतःला सावरणं आहे, हालचालींच्या कौशल्यातली खोट नाही.

केंद्रात जाऊन काय विचाराल? 'सत्तर टक्के' हे कशाचे टक्के, हा पहिला प्रश्न. बहुतेक वेळा तो खेळातला स्कोअर असतो, आणि खेळ पुन्हा पुन्हा खेळला की स्कोअर वाढतोच. हेडसेट काढल्यावर काय मोजता, असं विचारा. 'मूव्हमेंट एबीसी' किंवा 'ब्रुइनिंक्स-ओसेरेट्स्की' यांपैकी हालचालींची एखादी प्रमाणित चाचणी आधी आणि नंतर घेणार असतील तर चांगलं. घेणारी व्यक्ती प्रशिक्षित हवी, आणि शक्यतो सत्रं घेणारीच नको. सत्रात ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा फिजिओथेरपिस्ट स्वतः हजर असतो का, की एखादा ऑपरेटर यंत्र सुरू करून बाजूला बसतो? प्रत्येक सत्रात खऱ्या वस्तूंना किती मिनिटं? काय दिसलं तर तुम्ही कोर्स थांबवाल? शेवटच्या प्रश्नाला ज्यांच्याकडे उत्तर नाही, त्यांच्याकडे वीस सत्रं आगाऊ लावू नका. सहा सत्रं मागा. आणि अशा उपचारांवरचे अभ्यास अजून बहुतांशी थोड्या मुलांवर आणि थोड्या आठवड्यांचे आहेत, तेव्हा कुणी खात्री देत असेल तर सावध व्हा.

घरी हेडसेट घ्यायचा का? तुमच्या मुलासाठी आत्ता नको. सोनीचा हेडसेट कंपनीच्याच सूचनेनुसार १२ वर्षांखालच्या मुलांसाठी नाही. मेटाने २०२३ मध्ये आपल्या क्वेस्ट हेडसेटची वयोमर्यादा १३ वरून १० वर आणली, तीही पालकांच्या देखरेखीखालच्या खात्यासह. तुमचा मुलगा नऊचा आहे. भिंगांमधलं अंतर मोठ्यांच्या डोळ्यांना धरून, साधारण ५८ मिलिमीटरपासून पुढे असतं. या वयाच्या मुलाच्या बाहुल्यांमधलं अंतर बरेचदा त्याहून कमी भरतं, मग चित्र धूसर दिसतं आणि डोळ्यांवर ताण येतो. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, आणि ते सगळं पुढच्या बाजूला. ज्याच्या मानेचे स्नायू आधीच सैल आहेत त्याची मान काही मिनिटांत झुकते. शिवाय बहुतेक खेळांत स्वतःचे पाय दिसत नाहीत, म्हणजे तोलाच्या सरावासाठी ते मुळातच गैरसोयीचं. केंद्रातही हेडसेटच असेल तर वयाचा हाच नियम तिथे लागू होतो. भिंतीवरचा किंवा जमिनीवरचा प्रोजेक्टर वापरत असतील तर ही अडचण उरत नाही.

घरी टीव्हीसमोर शरीराच्या हालचालीने खेळायचे खेळ पुरेसे आहेत. त्यात दोन जाती आहेत. कॅमेऱ्याने पूर्ण शरीर बघणारे, आणि हातातल्या कंट्रोलरवरून हाताची हालचाल ओळखणारे. दुसऱ्या प्रकारात मूल लवकरच शोधून काढतं की सोफ्यावर बसून मनगट झटकलं तरी गुण मिळतात. स्कोअर वाढतो, खांदा मात्र हलत नाही. म्हणून शक्य असेल तर कॅमेऱ्याचा प्रकार घ्या, लॅपटॉपच्या वेबकॅमवर चालणारे साधे खेळही चालतील. जुन्या अभ्यासांत 'किनेक्ट' या मायक्रोसॉफ्टच्या कॅमेऱ्याचं नाव वारंवार दिसेल. त्याचं उत्पादन २०१७ मध्येच थांबलं, तो शोधत बसू नका.

मांडणीत जे हमखास चुकतं ते आता सांगते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' चालू करा. तो बंद असला तर चित्र सुधारण्याच्या नादात टीव्ही उशिरा दाखवतो, कधी कधी सेकंदाच्या दहाव्या भागाइतका, आणि मूल चुकीची वेळ घोटत राहतं. स्क्रीनपासून दोन मीटरवर पातळ चटई टाका आणि तिच्यावर पावलांच्या दोन खुणा चिकटवा, नाहीतर मुलं खेळता खेळता पुढे सरकत टीव्हीला जाऊन धडकतात. कॅमेरा त्याच्या छातीच्या उंचीवर ठेवा, उजेड समोरून पडू द्या. पाठीमागे खिडकी असली तर कॅमेऱ्याला फक्त काळी आकृती दिसते. ढगळ कपडे नकोत, आणि पाठीमागून कुणी ये-जा करू नये, कॅमेरा त्याचा हात सोडून दुसऱ्याचाच पकडतो. पार्श्वसंगीत बंद करा. बक्षिसाची आतषबाजी आणि टाळ्याही बंद होत असतील तर करा. आपल्याला गंमत वाटते, पण काही मुलं दचकून पुढचा प्रयत्नच सोडतात.

सुरुवात एकाच वस्तूने, समोरून, सावकाश. दहापैकी सात-आठ जमतील असा वेग धरा. एका वेळी एकच गोष्ट बदला: आधी वेग, मग डावी-उजवी बाजू, मग उजव्या हाताने डावीकडचं घेणं, आणि सगळ्यात शेवटी एकाच वेळी दोन वस्तू. त्याच वेळी वस्तूचा रंग, आकार, खेळाचं चित्र मात्र पहिल्या आठवड्यापासून अदलाबदल करत राहा. एकाच पातळीवर, एकाच हिरव्या फुग्यावर मूल पक्कं बसलं, की दुसरा रंग आला तरी ते बिथरतं, आणि कौशल्य त्या चित्रालाच चिकटून राहतं.

आठवड्यात तीन-चार दिवस, पाच मिनिटं खेळ, दोन मिनिटं थांबणं, पुन्हा पाच मिनिटं. आणि लगेच, टीव्ही बंद करून, दहा मिनिटं खऱ्या वस्तू. हे दहा मिनिटांचं काम वगळायचं असेल तर आधीचं दहा मिनिटांचं करूच नका. आजींना हा हिशोब दाखवा. त्यांची काळजी रास्त आहे, आणि खेळाची वेळ इतर स्क्रीनच्या वेळेतून वजा केली तर त्यांनाही पटेल.

खऱ्या वस्तूंचा क्रम असा ठेवा. पहिला फुगा, कारण तो हळू येतो. पण आवाजाला घाबरणाऱ्या मुलासाठी फुटणारा फुगा म्हणजे महिनाभराची माघार, म्हणून तो पातळ कापडी खोळीत घालून फुगवा. खोळीमुळे थोडं वजनही येतं आणि पकडायला कड मिळते. मग हवा थोडी कमी केलेला, वीसेक सेंटिमीटरचा मऊ चेंडू. पूर्ण फुगवलेला चेंडू हाताला लागताच उसळतो, थोडा पिचका चेंडू बोटांत बसतो. त्यानंतर शंभर-दीडशे ग्रॅमची, वाळू भरून घट्ट शिवलेली कापडी पिशवी. ती उसळत नाही आणि हातात पडल्याचं ठळक जाणवतं. आधी म्हटलेली सांध्या-स्नायूंची जाणीव इथे कामाला येते. लहान टणक चेंडू सर्वांत शेवटी.

दीड मीटरवरून, खालून, सावकाश फेका. चेंडू आधी एक टप्पा घेऊन आला तर त्याला वेळ जास्त मिळतो, त्यामुळे सुरुवात टप्प्यानेच करा. ठोकळ्यांच्या खेळात त्याला ठेक्याचा आधार होता, तोच इथे द्या: 'एक, दोन, घे', दर वेळी त्याच लयीत, 'घे' म्हणताना चेंडू हातातून सुटलेला हवा. लय बसली की 'घे' शब्द गाळा, मग 'दोन', मग सगळंच. सुरुवातीला चेंडू छातीशी कवटाळला तरी तो झेलच धरा. डोळे मिटत असतील तर चेंडू जास्त जोराने किंवा जास्त वर येतोय, पोटाच्या उंचीवर आणा. हात पुढे येतात पण उशिरा, असं दिसलं तर अंतर वाढवा. कमी करू नका. वीस फेकींवर थांबा, जमत असलं तरी.

ज्यांचं मूल दहा-बारा वर्षांपुढचं आहे आणि हेडसेटची तयारी आहे, त्यांच्यासाठी थोडं वेगळं. पहिले काही दिवस खेळ नकोच. हेडसेट टेबलावर, मग हातात, मग पट्टा न लावता दुर्बिणीसारखा डोळ्यांशी, मग दहा सेकंद पट्ट्यासह. आतून स्वतःची खोली दिसेल अशी सोय हल्लीच्या हेडसेटमध्ये असते, पहिल्यांदा तीच चालू ठेवा. 'बस' सांगायची एक खूण ठरवा, उदाहरणार्थ डोक्यावर दोन टिचक्या, आणि ती केली की त्याच क्षणी काढा, मध्येच कितीही छान चाललं असलं तरी. दोन मीटर लांब-रुंद मोकळी जागा, मनगटाचे पट्टे बांधलेले, आणि आतलं चित्र फोनवर किंवा टीव्हीवर, म्हणजे तो काय बघतोय हे तुम्हाला दिसेल. कंट्रोलरच्या दांडीने सरकत फिरायचे खेळ टाळा. डोळ्यांना चाल दिसते, कानातल्या तोलाच्या यंत्रणेला काहीच जाणवत नाही, आणि मळमळ सुरू होते. ज्याला 'मळमळतंय' म्हणता येत नाही त्याची लक्षणं वेगळी दिसतात: अचानक गप्प होणं, जांभया, वारंवार आवंढा गिळणं, कपाळावर घाम, हेडसेट ओढणं. त्या दिवशी पुन्हा लावू नका, आणि पुढचा अर्धा तास जिना, झोका, सायकल नको. हेडसेट उन्हात ठेवू नका, भिंगांतून ऊन आत गेलं की पडदा जळतो.

स्वमग्न मुलांमध्ये अपस्माराचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त आहे. कधी झटका आला असेल, किंवा मूल मध्येच काही क्षण हरवल्यासारखं थबकत असेल, तर हेडसेट असो वा झगमगाटाचा टीव्ही-खेळ, आधी न्यूरॉलॉजिस्टशी बोला. तिरळेपणा किंवा चष्म्याचा प्रश्न असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांशीही.

आता मोजणं. सुरू करण्याआधी एक व्हिडिओ काढा: तोच चेंडू, तेच दीड मीटर, त्याच वेळेला, दहा फेकी. किती झेलले, छातीशी की हातांत, डोळे उघडे होते का, एवढंच लिहा. त्यासोबत प्रत्येक पायावर किती सेकंद उभा राहतो, तीन प्रयत्नांतला सर्वांत चांगला आकडा. दर दोन आठवड्यांनी हेच पुन्हा, आणि मध्ये एकदा वेगळ्या जागी, वेगळ्या माणसाने फेकून. एखादा दिवस वाईट जाईल, त्यावरून काही ठरवू नका. सहा आठवड्यांत खोलीतले झेल वाढले पण अंगणात शून्यच राहिले, तर टीव्हीचा भाग निम्मा करा आणि जागा, माणसं, चेंडू बदलत राहा. दोन्हीकडे काहीच हललं नाही तर खेळ बंद करा, केंद्राची पुढची सत्रं घेऊ नका, आणि ते सगळे व्हिडिओ तुमच्या थेरपिस्टना दाखवा. ठोकळ्यांच्या खेळाचा एखादा व्हिडिओ मावशीकडे असेल तर तोही मागून घ्या. दोन वर्षांत त्यांनी त्याला ठेक्यावर काम करताना कदाचित पाहिलंच नसेल.